सुटणारी उदाहरणे आणि अडलेली पेरणी

व्यवस्थापनशास्त्राच्या आणि संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एक तक्ता हमखास भेटतो. त्याला तीन खण असतात : संरचित, अर्धसंरचित आणि असंरचित. प्रश्नांचे हे तीन प्रकार, निर्णयांचेही तेच तीन आणि माहितीचेही तेच. पगारपत्रक तयार करणे पहिल्या खणात, वर्षाचे अंदाजपत्रक आखणे दुसऱ्या खणात, नवा कारखाना काढावा की नाही हे तिसऱ्या खणात. विद्यार्थी तक्ता पाठ करतात, 'फरक स्पष्ट करा' असा प्रश्न येतो आणि गुण मिळतात.

हा तक्ता निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. मात्र तो ज्या रीतीने शिकवला जातो त्यात तीन मोठ्या उणिवा आहेत, आणि त्या उणिवांची किंमत परीक्षेतल्या गुणांपेक्षा बरीच जास्त असते. त्या तपासण्यासाठी कारखान्याचे उदाहरण न घेता आपण वाशिम जिल्ह्यातला खरीप हंगाम घेऊ. संज्ञाही जरा सोप्या करू. विहीर जशी बांधीव असते किंवा कच्ची असते, तसे प्रश्नही बांधीव, अर्धबांधीव आणि मोकळे असतात असे म्हणू.

तक्ता आला कोठून?

अमेरिकन शास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९६० साली निर्णयांचे दोन टोकांचे प्रकार सांगितले. काही निर्णय ठरलेल्या कार्यपद्धतीने घेता येतात, तर काहींसाठी अशी पद्धतच उपलब्ध नसते. ही दोन टोके आहेत आणि मधे सलग पट्टा आहे, हेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले होते. निर्णय घेण्याच्या त्यांनी तीन पायऱ्या केल्या : प्रश्न हेरून माहिती जमवणे, पर्याय आखणे आणि त्यांतून निवड करणे. सायमन यांना पुढे १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९७१ साली गॉरी आणि स्कॉट मॉर्टन या दोन अभ्यासकांनी एका लेखात या विचाराला आजचे तीन खणांचे रूप दिले. त्यांची व्याख्या नेमकी होती. तिन्ही पायऱ्यांसाठी निश्चित रीत असेल तर प्रश्न बांधीव. एकाही पायरीला नसेल तर मोकळा. एक किंवा दोन पायऱ्यांना असेल आणि उरलेल्यांना नसेल तर अर्धबांधीव. म्हणजे 'अर्धबांधीव' याचा अर्थ 'थोडा अवघड' असा होत नाही. कोणती पायरी बांधलेली आहे आणि कोणती नाही, हे त्या शब्दाने सांगायचे असते. पाठ्यपुस्तकांत नेमका हाच भाग गळतो आणि उरतात ती फक्त तीन नावे.

एका शेतातले तीन प्रश्न

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. खरिपातले मुख्य पीक सोयाबीन, सोबतीला तूर. बहुतेक शेती पावसावर. अशा एका शेतकऱ्यासमोर जून महिन्यात येणारे तीन प्रश्न पाहू.

पहिला प्रश्न : घरचे सोयाबीन बियाणे म्हणून वापरायचे, तर एकरी किती पेरावे? याची रीत ठरलेली आहे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने ठेवायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचा, ओल टिकवायची आणि आठवड्याने चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. उगवण ७० टक्के असेल तर हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो बियाणे धरतात. उगवण ६० टक्केच निघाली तर त्रैराशिकाने ७५ × ७० ÷ ६० = ८७.५ किलो. आठवीचा विद्यार्थीही हे करील. हा बांधीव प्रश्न.

दुसरा प्रश्न : मृगाचा एक चांगला पाऊस झाला आहे, आता पेरावे की थांबावे? कृषी खात्याचा सल्ला असा की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये. पण पाऊस ६० मिलिमीटर झाला आहे, जमिनीला वापसा आलेला आहे, आभाळ भरलेले आहे आणि शेजाऱ्याने पेरणी सुरू केली आहे. पेरले आणि पुढे पावसाने पंधरा दिवस दडी मारली तर मोड करपतील आणि दुबार पेरणी कपाळी येईल. थांबले आणि पाऊस लागून राहिला तर वापसाच मिळणार नाही, पेरणी लांबेल. इथे माहिती जमवण्याची रीत आहे, पर्यायही ठरलेले आहेत, पण निवडीची रीत नाही. हा अर्धबांधीव प्रश्न.

तिसरा प्रश्न : या शेतात पुढची दहा वर्षे सोयाबीनच घ्यावे का? यात भाव येतो, जमिनीचा कस येतो, तुरीचा आणि हळदीचा पर्याय येतो, विहिरीचे पाणी येते आणि मुलगा शेती करणार की नाही हेही येते. कोणती माहिती जमवायची हेच ठरलेले नाही. हा मोकळा प्रश्न.

इथवर तक्ता उत्तम चालतो. अडचणी पुढे आहेत.

उणीव पहिली : प्रकार प्रश्नाला चिकटलेला नसतो

तक्ता वाचून असे वाटते की आंबा जसा हापूस किंवा पायरी असतो, तसा प्रश्न जन्मतःच बांधीव किंवा मोकळा असतो. तसे नाही. दुसरा प्रश्नच पुन्हा घेऊ आणि तो पूर्ण बांधीव करून पाहू.

समजा, दुबार पेरणीचा एकरी खर्च ६००० रुपये आहे आणि पेरणी लांबल्याने होणारे उत्पन्नाचे नुकसान एकरी ४००० रुपये आहे. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत.) पावसाचा खंड पडण्याची शक्यता 'श' मानू. खंड पडला तर पीक दोन्ही बाजूंनी लांबणारच. मात्र आधी पेरणाऱ्याचे ६००० रुपये जास्तीचे जातात. खंड पडला नाही तर आधी पेरणाऱ्याचे ४००० रुपये वाचतात. तेव्हा ६००० × श आणि ४००० × (१ − श) ही दोन पदे जिथे समान होतात तो सीमाबिंदू. समीकरण सोडवले की श = ०.४ मिळते. खंडाची शक्यता ४० टक्क्यांहून अधिक असेल तर थांबा, कमी असेल तर पेरा. झाला प्रश्न बांधीव!

आता दोन शेतकरी घ्या. दोघांची जमीन सारखी, पाऊस सारखा, बियाणे सारखे. पहिल्याकडे दुबार पेरणीसाठी पैसे आहेत. दुसऱ्याने पहिलेच बियाणे उसनवारीने आणले आहे. पहिल्याच्या दृष्टीने ६००० रुपये म्हणजे ६००० रुपये. दुसऱ्याच्या दृष्टीने ते म्हणजे वर्षभर रान पडीक राहणे, किंवा सावकाराच्या दारात जाणे. सूत्र एकच, पण दुसऱ्यासाठी त्यात घातलेला ६००० हा आकडाच चुकीचा आहे. त्याने शक्यता २० टक्के असतानाही थांबायचे ठरवले, तर त्याला गणित येत नाही असे म्हणता येणार नाही. त्याचा प्रश्नच वेगळा आहे. उलट एखाद्याला ट्रॅक्टरचलित पेरणीयंत्र फक्त आजच मिळणार असेल, तर 'आठ दिवस थांबणे' हा पर्यायच त्याच्या यादीत राहत नाही.

सायमन यांनी स्वतःच १९७३ साली या मुद्द्यावर एक महत्त्वाचा लेख लिहिला. जगाकडून आपल्यापुढे येणारे प्रश्न मोकळेच असतात, ते सोडवणाऱ्याच्या हाती येईपर्यंत कोणीतरी ते बांधून दिलेले असतात, असा त्याचा आशय होता. बुद्धिबळासारख्या नियमबद्ध खेळातही संपूर्ण डावाचा विचार केला तर प्रश्न मोकळा ठरतो, हेही त्यांनी त्यात दाखवले. म्हणून 'हा प्रश्न कोणत्या प्रकारचा?' एवढेच विचारून भागत नाही. 'हा कोणी, कोणासाठी आणि काय गृहीत धरून बांधला?' हेही विचारावे लागते. तक्त्यात या चौकशीला जागा नाही.

उणीव दुसरी : माहितीचा खण आणि प्रश्नाचा खण एक नसतो

तक्त्यात एकाच ओळीत बांधीव प्रश्न, बांधीव निर्णय आणि बांधीव माहिती येते. त्यामुळे सहज असा समज होतो की माहिती बांधीव असली की प्रश्नही बांधीव होतो. हा समज आजच्या काळात फार महागात पडणारा आहे, कारण बांधीव माहितीचा आपल्याकडे पूर आला आहे.

सातबारा, पर्जन्यमापकाची नोंद, बाजार समितीतले भाव ही बांधीव माहिती. प्रत्येक आकड्याला ठरलेला रकाना आहे. पंचनाम्याचा नमुना ही अर्धबांधीव माहिती. त्यात गट क्रमांक, क्षेत्र, पीक यांचे रकाने असतात आणि शेवटी मोकळा 'शेरा' असतो. शेतकरी बांधावर उभे राहून जे सांगतो, ती मोकळी माहिती. 'वरच्या तुकड्यात बरे आहे, पण नाल्याकडच्या चार तासांत पाणी साचून शेंगाच धरल्या नाहीत,' हे वाक्य कोणत्या रकान्यात लिहाल?

आता उलटसुलट जोड्या पाहा. पावसाच्या नोंदी मंडळनिहाय आणि रोजच्या रोज मिळतात, अगदी बांधीव. तरी पेरावे की थांबावे हा निर्णय अर्धबांधीवच राहतो. याउलट वापसा पाहण्याची जुनी रीत घ्या. मूठभर माती दाबून तिचा गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचा. फुटून भुगा झाला तर वापसा आहे, चिकटून राहिला तर नाही. इथे आकडा नाही, रकाना नाही, नोंद नाही. हाताला लागणारी माती एवढीच माहिती. पण निर्णय पूर्ण बांधीव! म्हणजे माहितीचे तीन प्रकार आणि निर्णयांचे तीन प्रकार यांच्या नऊ जोड्या संभवतात. तक्ता त्यांतल्या तीनच दाखवतो.

उणीव तिसरी : बांधताना काय गळते, हे तक्ता सांगत नाही

ही सर्वांत गंभीर उणीव. तिच्यासाठी पैसेवारीचे उदाहरण घेऊ. 'आणेवारी' हा जुना शब्द अजूनही गावोगाव ऐकू येतो. सोळा आण्यांचा रुपया होता तेव्हा पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. गावातल्या निवडक शेतांत ठरावीक आकाराचा तुकडा आखून तिथले पीक कापतात, मळणी करून वजन करतात आणि ते प्रमाण उत्पन्नाच्या किती टक्के आहे ते पैशांत सांगतात. ५० पैशांची रेषा महत्त्वाची. तिच्या खालच्या गावांना टंचाईच्या सवलतींचा विचार करताना अग्रक्रम मिळत आला. जमीन महसुलातली सूट, कर्जाचे पुनर्गठन आणि शिक्षकांना चांगली ठाऊक असलेली सवलत म्हणजे विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी, यांचा त्यांत समावेश होता.

प्रत्यक्ष कार्यपद्धती बरीच तपशिलाची आहे, पण तिचा गाभा एका उदाहरणात येईल. समजा, १०० चौरस मीटरच्या तुकड्याचे प्रमाण उत्पन्न १० किलो आहे. सहा तुकड्यांत ३, ४, ४.५, ५, ५.५ आणि ८.६ किलो सोयाबीन निघाले. बेरीज ३०.६, सरासरी ५.१, पैसेवारी ५१. गाव रेषेच्या वर! सहावा तुकडा विहिरीजवळच्या शेताऐवजी शेजारच्या शेतात पडला असता आणि तिथे ७.४ किलो निघाले असते, तर बेरीज २९.४ आणि पैसेवारी ४९. गाव रेषेच्या खाली. पावसात फरक नाही, पिकात फरक नाही, फक्त एका तुकड्याची जागा बदलली. ५१ आणि ४९ यांतला फरक मोजणीच्या स्वाभाविक चढउतारात सहज सामावतो, हे पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्रातही सांगता येते. निर्णय मात्र 'हो' किंवा 'नाही' असाच होतो.

पीक विम्याचेही तसेच. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उत्पन्नावर आधारलेल्या भरपाईचे सूत्र अगदी स्वच्छ आहे. उंबरठा उत्पन्नातून प्रत्यक्ष उत्पन्न वजा करा, उंबरठा उत्पन्नाने भागा आणि विमा रकमेने गुणा. समजा, उंबरठा हेक्टरी १००० किलो, प्रत्यक्ष ८०० किलो आणि विमा रक्कम ५०,००० रुपये असेल, तर भरपाई १०,००० रुपये. पण 'प्रत्यक्ष उत्पन्न' हे संपूर्ण विमा क्षेत्राच्या, म्हणजे बहुधा महसूल मंडळाच्या, सरासरीचे असते. ज्याला ३०० किलो झाले त्याला आणि ज्याला १३०० किलो झाले त्यालाही हेक्टरी १०,०००च. नाल्याकडच्या चार तासांविषयीचे ते वाक्य या सूत्राला कधीच ऐकू येत नाही.

मोजमापामागचा विसरलेला वाद

बांधीव प्रश्न पाहताना आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगायला हवी. आज ठरलेली वाटणारी रीत एके काळी मोकळा प्रश्नच होती. कापणीच्या प्रयोगासाठी तुकडा किती मोठा घ्यावा, या वरवर क्षुल्लक प्रश्नावर १९४० च्या दशकात दोन थोर भारतीय संख्याशास्त्रज्ञांत मतभेद झाले. कोलकात्याचे प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. तुकडा लहान असला की त्याच खर्चात जास्त तुकडे घेता येतात. सातारा जिल्ह्यात जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४६ साली दाखवून दिले की फार लहान तुकड्यांत उत्पन्न फुगवून मोजले जाते. कारण साधे आहे. तुकड्याच्या कडेवरची रोपे आत धरावी की बाहेर, याचा निर्णय करताना माणूस नकळत ती आत धरतो. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानाने कड मोठी आणि तितकी चूकही मोठी.

भूमितीतला परिमिती आणि क्षेत्रफळ यांचा संबंध इथे थेट शेतकऱ्याच्या पदरात पडणाऱ्या पैशांशी जोडला जातो. उत्पन्न फुगले तर सवलत हुकते.

मग बांधूच नये का?

असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ५० पैशांची रेषा नसती तर कोणत्या गावाला सवलत मिळावी हे कोणाच्या तरी मर्जीवर राहिले असते, आणि मर्जी ज्याची ओळख मोठी त्याच्याकडे झुकते. रेषा कितीही ढोबळ असली तरी ती सर्वांना सारखी असते. तिच्यावर बोट ठेवून हरकत घेता येते. विम्याचे सूत्रही छापलेले असल्यामुळेच त्याच्यावर टीका करता येते.

रीत सुधारताही येते. केंद्र सरकारने २०१६ साली दुष्काळ व्यवस्थापनाची संहिता तयार केली. तिच्यात एकाच आकड्यावर न विसंबता आधी पावसातली तूट आणि खंड, मग उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, मातीतली ओल, पेरणीचे क्षेत्र आणि पाणीसाठे, आणि शेवटी काही गावांत प्रत्यक्ष पडताळणी अशा पायऱ्या आहेत. २०१८ साली महाराष्ट्रातले १५१ तालुके याच पद्धतीने दुष्काळी जाहीर झाले. यात बांधणी जास्त आहे आणि शेवटी शेतात जाऊन पाहण्याची पायरीही ठेवलेली आहे. पण पडताळणी थोड्याच गावांत होते आणि निर्णय तालुक्याचा होतो. त्यामुळे गळती थांबली असे म्हणता येत नाही. ती गावाच्या पातळीवरून तालुक्याच्या पातळीवर गेली.

तेव्हा तक्त्यात एक चौथा रकाना वाढवावा, असे मला वाटते. त्याचे शीर्षक : 'हा प्रश्न बांधताना काय बाहेर राहिले?' बियाण्याच्या उगवणीसमोर या रकान्यात फारसे काही लिहावे लागणार नाही. पेरणीच्या समीकरणासमोर 'शेतकऱ्याची ऐपत' असे लिहावे लागेल. पैसेवारीसमोर 'तुकड्यांतला चढउतार', आणि विम्यासमोर 'एकेका शेताचे नुकसान'. नुसती 'बांधीव' ही चिठ्ठी चिकटवण्यापेक्षा हा रकाना भरणे अवघड आहे, आणि शिकण्यासारखे तिथेच आहे.

वर्गात काय करता येईल?

आपल्या गणिताच्या पुस्तकातली जवळजवळ सगळी उदाहरणे आधीच बांधलेली असतात. दिलेली प्रत्येक संख्या वापरायची असते, न दिलेली कोणतीही लागत नाही आणि उत्तर एकच असते. सरावासाठी हे ठीक आहे. मात्र दहा वर्षे केवळ हेच केलेला विद्यार्थी शेतात, दवाखान्यात किंवा बँकेत मोकळा प्रश्न समोर आला की एक तर गांगरतो, नाही तर पहिले हाती लागेल ते सूत्र लावून मोकळा होतो. त्यासाठी तीन साधे उपक्रम सुचवतो.

एक : मे महिन्याच्या सुटीआधी प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या किंवा शेजारच्या सोयाबीनची उगवणक्षमता शंभर दाण्यांवर तपासावी. एकाच पोत्यातले शंभर-शंभर दाणे पाच जणांनी घ्यावेत. पाच उत्तरे वेगळी येतील. का, यावर चर्चा करावी.

दोन : शाळेच्या मैदानावर एक मीटर आणि पाच मीटर बाजूचे चौरस आखून त्यांतली गवताची रोपे मोजावीत. दोन गटांनी स्वतंत्रपणे मोजावे आणि दर चौरस मीटरला किती रोपे येतात याची तुलना करावी. कडेवरच्या रोपांचे काय केले, हे प्रत्येक गटाने लिहून ठेवावे. सुखात्मे यांचा मुद्दा मुलांच्या हाताला लागेल.

तीन : पेरणीचे समीकरण फळ्यावर सोडवून झाल्यावर मुलांनी ते घरी मोठ्यांना दाखवावे आणि एवढेच विचारावे की यात काय धरलेले नाही. मिळालेली उत्तरे जशीच्या तशी, बोलीतच लिहून आणावीत. ती मोकळी माहिती असेल. तिची वर्गात मिळून छाननी करावी : यातले किती सूत्रात घालता येईल, कशासाठी नवा रकाना काढावा लागेल आणि काय कोणत्याच रकान्यात बसत नाही?

या तिसऱ्या उपक्रमाला गुण कसे द्यायचे, असे शिक्षक विचारतील. अडचण खरी आहे, कारण गुण देण्याचा तक्ताही बांधीवच असतो. यंदा त्याला गुण न देता तो करून पाहावा. ज्या मुलांच्या घरी जूनमध्ये हा प्रश्न खरोखरच उभा राहतो, त्यांच्या वह्यांत काय येते ते आधी वाचावे, आणि मगच गुणांचे ठरवावे.